आटगावचे बेडूक

माझी सगळी कारकीर्द बेडकांच्या मांड्यांवर उभी आहे, असं मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगून टाकायची. पुढच्या बाकांवर हशा व्हायचा आणि मागच्या बाकावर कुणी डबा उघडला असेल तर तो गुपचूप बंद व्हायचा. मुलांना वाटायचं, बाई विनोदी आहेत. बाई फक्त खरं बोलत होत्या.

परवा माझ्या भाचीची मुलगी भेटायला आली. मेंदू आणि मज्जातंतूंवर संशोधन करते. शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू राहील की नाही ठाऊक नाही, यंत्र परदेशातून यायचंय ते बंदरात अडकलंय, गाइड फोन उचलत नाहीत, बरोबरची मैत्रीण अमेरिकेला गेली, आणि आई रोज विचारते की हे संपणार कधी. सांगता सांगता तिचा चहा निवून गेला. मी ऐकत होते आणि मनातल्या मनात मला हसू येत होतं, कारण यातलं एकही दुःख नवं नव्हतं. हीच सगळी एके काळी माझी होती. फोन नव्हता म्हणून आमचे सर समोरूनच उठून जायचे, एवढाच काय तो फरक. तिला मी आटगावची गोष्ट सांगितली. नंतर संपादकांचा दिवाळीसाठी निरोप आला तेव्हा म्हटलं, तीच लिहू.

आधी आमचा धंदा काय ते सांगते. बेडकाच्या मांडीतून एक पांढरा दोरा जातो, शिवणाच्या दोऱ्याहून थोडा जाड. तो मज्जातंतू. त्याच्या टोकाला पोटरीचा स्नायू. हे दोन्ही अलगद सोडवून मिठाच्या पाण्यात ठेवले तर बराच वेळ जिवंत राहतात. तंतूला विजेचा हलका झटका दिला की स्नायू आखडतो, त्याला बांधलेली काडी वर उडते आणि फिरत्या नळकांड्यावरच्या काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ उमटते. त्या रेघा वाचणं म्हणजे आमचं संशोधन. कागदाला काजळी धरायचं कामही आमचंच असायचं. घरी जाताना नाक पुसलं की दिवसभर काय केलं ते रुमालच सांगायचा.

या सगळ्याच्या आधी मात्र एक काम असतं. बेडकाची कवटी जिथे संपते तिथे मानेत सुई घालून आधी मेंदू आणि मग कण्यातली मज्जा निकामी करायची. मग बेडकाला पुढचं काही कळत नाही. सवयीच्या हातानं हे क्षणात होतं. नवशिक्या मुलांचा हात थरथरतो, आणि तासाची घंटा व्हायच्या आत काम उरकायचं असतं.

माझा विषय होता तंतू आणि स्नायू जिथे जुळतात तो सांधा. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात बाणाला लावायचं एक विष करतात. ते बेडकाला दिलं की तंतू ठीक असतो, स्नायू ठीक असतो, पण तंतूचा निरोप स्नायूला पोचत नाही. बैल धडधाकट, गाडी धडधाकट, मधली जुपणी तेवढी सुटलेली. विष धुऊन काढलं की थोड्या वेळानं तोच स्नायू पुन्हा उडायला लागतो. मेल्यासारखा पडलेला असतो, पण मेलेला नसतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याचं नवल वाटेनासं झालं होतं.

मी तेव्हा कल्याणला भावाकडे राहत होते आणि मुंबईच्या एका कॉलेजात प्रबंधासाठी काम करत होते. साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. शिष्यवृत्ती वर्षाच्या बोलीवर असायची, त्यामुळे फाल्गुन आला की बाकीचे होळीच्या तयारीला लागायचे आणि मी सरांच्या चेहऱ्याकडे बघायला लागायची. माझी वहिनी भली बाई. स्थळ आलं की 'मुलगी कॉलेजात असते' एवढंच सांगायची. एकदा मुलाच्या आईनं खोदून विचारलं, म्हणजे नेमकं काय करते? माझ्या भावाला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "बेडूक फाडते." त्या दिवशीचे पोहे आम्हीच संपवले.

बेडूक मिळवणं हे अर्धं संशोधन होतं. आधी आमचा पुरवठा मुरबाडच्या एका भाताच्या व्यापाऱ्याकडून व्हायचा. त्याची माणसं वैशाखरे गावाच्या बाजूला बेडूक धरायची आणि टोपल्या एसटीनं कल्याणला यायच्या. एकदा टोपली उघडली तर आत सगळे खरखरीत पाठीचे, उकिरड्याजवळ बसतात तसले. आम्हाला हवे होते खाचरातले मोठे, हिरवे, लांब तंगड्यांचे. मी मुरबाडला जाऊन तक्रार केली तर शेठ गादीवरून म्हणाले, "बाय, बेडूक तो बेडूक. तुमाला काय तेचं लगीन लावायचंय?" पुढे त्यांच्याच एका टोपलीचं झाकण धावत्या एसटीत उघडलं, आणि कंडक्टरनं निम्म्या वाटेत बाकावर उभं राहून तिकिटं फाडली. तेव्हापासून मुरबाडचा रस्ता आमच्या बेडकांना बंद झाला.

मग मला शहापूरजवळच्या आटगावचा जानू सापडला. जानू कातकरी. स्टेशनापासून थोडं आत, गावाच्या कडेला त्यांची वाडी होती, मोजक्या कुडाच्या झोपड्यांची. स्वतःची जमीन कुणाचीच नाही. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या खाचरात लावणी-कापणीची मजुरी, आणि दिवाळी झाली की पोराबाळांसकट वीटभट्टीवर. मधल्या दिवसांत जानू मासे धरी, खेकडे धरी आणि माझ्यासाठी बेडूक धरी. ओल्या पोत्यात हिरवा पाला घालून असा माल आणायचा की एक दगावत नसे. बोलणं कमी. पण पहिल्याच भेटीत त्यानं मला विचारलं होतं, "तुमी खात नाय, इकत नाय. मग मारता कशाला?"

मी सांगितलं, "माणसाचं अंग कसं हलतं ते बघायला."

"मग माणसालाच इचारायचं ना," तो म्हणाला. मी हसले. सरांना सांगितलं तर ते हसले नाहीत, म्हणाले, "प्रश्न चांगला आहे."

माझ्या तिसऱ्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, सरांनी एक बातमी दिली. इंग्लंडहून एक प्राध्यापक येणार होते. त्यांच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी एक जागा होती आणि सरांनी दोन नावं सुचवली होती, माझं आणि दिनकरचं. दिनकर माझ्याच बरोबरचा, पांढऱ्या उंदरांवर काम करायचा. प्राध्यापक दोघांचे प्रयोग स्वतः उभे राहून बघणार आणि एकाला निवडणार. माझ्या घरात तीन दिवस दुसरा विषय नव्हता. भाऊ गरम कोटाच्या कापडाची चौकशी करून आला. वहिनीनं विलायतेत बेडूक मिळतात का, एवढं विचारलं.

एरवी बेडूक आणायला बहुधा कॉलेजचा शिपाई जाई. पण या खेपेला एकेक बेडूक मला स्वतः बघून घ्यायचा होता, म्हणून प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी आटगावला उतरले. दुपारच्या गाडीनं परतायचं असा बेत होता. जानू पोतं घेऊन फलाटाच्या टोकाला बसलेला असायचा. त्या दिवशी नव्हता. थोडी वाट पाहून मी वाडीची वाट धरली. भात पोटरीला आलं होतं, बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि लांबून थाळी बडवल्याचा आवाज येत होता.

जानूच्या झोपडीसमोर सगळी वाडी जमली होती. जानू घोंगडीवर पडला होता. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, तोंडातून लाळ गळत होती. डोक्याशी म्हातारा भगत घागरीवर थाळी पालथी घालून काठीनं वाजवत होता. माझ्यामागून कुणीतरी म्हणालं, "पिऊन पडलाय." जानूची बायको बारकी तिथूनच फणकारली. "पिऊन नाय. पहाटे म्हनाला पोटात दुखतंय. मग म्हनाला डोळं उघडत नाय. पानी पाजलं तर नाकातून आलं."

भगत थाळी न थांबवता म्हणाला, "पान लागलंय." साप चावला असं तिकडे म्हणत नाहीत, नाव घेतलं की तो ऐकतो. अंगावर कुठे दंश दिसत नव्हता, सूज नव्हती. पण मण्यार अशीच चावते. जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेत दात लावून जाते, मुंगी चावल्याइतकंही कळत नाही.

मी जानूच्या पापण्या बघितल्या, मान उचलून सोडली तर ती पडली, आणि मला माझा बेडूक निजवायचा पाट दिसायला लागला. बेडकाला ते बाणाचं विष दिल्यावर हाच क्रम असतो. छातीचा भाता नुसता फडफडत होता. ओठ निळसर पडत चालले होते. मी डॉक्टर नव्हते. जनावरांच्या स्नायूंवर दोन-तीन वर्षं घालवलेली एक मुलगी होते. पण एक गोष्ट मला त्या अंगणात इतर सगळ्यांपेक्षा पक्की ठाऊक होती: हा मरत नव्हता, याची जुपणी सुटली होती. ती परत बसेपर्यंत कुणीतरी याचा श्वास याच्यासाठी घ्यायला हवा होता.

बारकीच्या भावाला मी स्टेशन मास्तरांची सायकल मागून शहापूरला डॉक्टरांकडे पिटाळलं. कॉलेजात प्रथमोपचाराच्या वर्गात बुडालेल्या माणसाला कसा श्वास द्यायचा ते शिकवलं होतं. जानूला पालथं घातलं, हात दुमडून डोक्याखाली घेतले, चेहरा एका बाजूला केला. मी डोक्याशी गुडघे टेकून बसले. तळव्यांनी पाठ दाबायची, हवा बाहेर. मग कोपरं धरून वर ओढायची, हवा आत. दाब, उचल. दाब, उचल. निळे ओठ जरा निवळले तेव्हा बारकीच्या घशातून हुंदका बाहेर पडला.

पण माझी ताकद ती किती? थोड्याच वेळात माझे दंड थरथरायला लागले. बारकीनं मला बाजूला सारलं. "मला कळलं," म्हणाली आणि बसली. जात्यामुसळाचे हात तिचे. तिच्यामागे तिची जाऊ, मग शेजारचा चांगो, मग जो येईल तो. अडचण एकच होती. भीतीनं प्रत्येकाचा हात घाई करायचा, आणि घाई झाली की हवा आत जायच्या आधीच बाहेर यायची. त्यात भगताची थाळी जलद. तिच्या नादानं सगळेच धावायला लागायचे.

मी भगताला म्हटलं, "बाबा, थाळी जरा हळू वाजवाल का?"

"नाय," तो म्हणाला. "हळू झाली की पान चढतं. आनि थाळी वाजती हाय तवर मानूस मेला असं कुनी म्हनायचं नाय. माझी थाळी थांबायची नाय, बदलायची नाय. तुमचं तुमी तिच्यात बसवा."

मी ऐकत राहिले. थाळी जलद होती खरी, पण तिच्यात मधूनमधून एक जाड ठोका येत होता, देवाला हाक दिल्यासारखा, आणि तो अगदी ठरावीक अंतरानं येत होता. म्हटलं, हाच घ्या. एका जाड ठोक्याला दाब, पुढच्या जाड ठोक्याला उचल. पहिल्या खेपेला जमलं नाही, दुसऱ्या खेपेला जमलं. म्हाताऱ्याच्या लक्षात आलं. जाड ठोका आणखी जाड झाला. पुढे मी प्रयोगशाळेत ठोके मोजायची महागडी यंत्रं वापरली. इतकं भरवशाचं एकही नव्हतं.

ऊन वर आलं. जानूच्या पापण्या आता पुऱ्या मिटल्या होत्या. मी डोळा उघडून पाहिला तर बाहुली मोठी झालेली, हलत नाही. हात सोडला की मेल्यासारखा पडे. बारकी माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी थाळीकडे. कुणी काही म्हणत नव्हतं, कारण थाळी वाजत होती.

तेवढ्यात भगत म्हणाला, "घरात बांधलेला जीव हाय का कुठं? सोडा. बांधलेला जीव दारात असंल तर हेचा बांध सुटायचा नाय."

वाडीत धावपळ झाली. शेळीचं दावं सोडलं. डालगं उचलून कोंबड्या मोकळ्या केल्या. कुणीतरी ओढ्यात लावलेला माशांचा पिंजरा उघडून आलं. शेवटी एकच गोष्ट राहिली. मांडवाच्या सावलीत, माठाच्या बाजूला एक ओलं पोतं टांगलेलं होतं. अधूनमधून ते हलत होतं. बारकीनं पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पोतं बाईचं, म्हणून कुणी हात लावला नव्हता.

त्या पोत्यात काय होतं ते त्या अंगणात फक्त मला माहीत होतं. दोन वर्षांचं इंग्लंड होतं, भावाचा गरम कोट होता, शिष्यवृत्तीच्या कटकटीतून सुटका होती. बेडूक सोडल्यानं विष उतरत नाही, हे मला कळत होतं. पण दमलेली माणसं एका भरवशावर दाबत होती, उचलत होती. त्यांचा भरवसा सुटला असता तर त्यांचे हात सुटले असते, आणि हात सुटले की जानू संपला असता. असं आज मी मांडते. तेव्हा एवढं काही मांडलं नाही. बारकीचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, "सोड."

तिनं पोतं खाचराच्या बांधावर नेऊन उलटं केलं. मोठे सुरेख बेडूक होते. एकेक उडी आणि दिसेनासे. दुपारची गाडी शिट्टी देऊन गेली ती मी दाबता दाबता ऐकली.

शहापूरचे डॉक्टर आले ते मुंबईला पाणी नेणाऱ्या नळाच्या लाइनीवर काम करणाऱ्यांची जीप मिळवून. सज्जन माणूस. सर्पविषाची लस होती ती टोचली. पण लस मोकळं विष पकडते, आत घट्ट बसलेलं सोडवत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "हा राहत नाही. घरच्यांना पुढच्या तयारीचं सांगू का?"

मी म्हटलं, "डॉक्टर, रंग बघा."

त्यांनी जानूच्या ओठांचा रंग बघितला, नाडी धरली, बराच वेळ धरून ठेवली. मग कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाले, "नंबर कुणाचा आहे? त्याच्या मागे माझा."

दिवेलागणीच्या आधी बारकीची पाळी होती. ती एकदम थांबली. "ह्यानं आपला आपन घेतला," म्हणाली. आम्ही सगळे वाकलो. पाठ थोडी फुगली, बसली. मग बराच वेळ काही नाही. मग परत फुगली. भगताची थाळी चालूच होती. जीपमध्ये जानूला पालथं घालून आम्ही ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. वाटभर दाबत, उचलत. भगत येईना. म्हणाला, "मी हितनंच वाजवतो."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत रिकाम्या हातानं गेले. खरं म्हणजे हातही गेलेच होते. चिमटा उचलवत नव्हता. दिनकरनं उंदरावरचा प्रयोग झोकात दाखवला आणि जागा त्याला मिळाली. मिळायलाच हवी होती, काम चांगलं होतं त्याचं. प्राध्यापकांना मी मोडक्या इंग्रजीत आटगावची हकिगत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "त्या माणसाला सगळा वेळ शुद्ध होती का?" मी म्हटलं, माहीत नाही. सर इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. ते वळले आणि म्हणाले, "मग जाऊन विचारा की. बेडकाला विचारता येत नाही, याला येतं."

काही दिवसांनी मी ठाण्याला गेले. जानू खाटेवर बसून पेज पीत होता. आवाज अजून नाकातून येत होता. मी विचारलं, "जानूभाऊ, त्या दिवशी तुम्हाला काही कळत होतं?"

"सगळं," तो म्हणाला. "डोळं उघडत नव्हतं. बोट हालत नव्हतं. पन ऐकाय सगळं येत व्हतं. कुनी म्हनला पिऊन पडलाय. चांगो हळूच म्हनला, जानूचं जाळं नवंच हाय. डॉक्टर म्हनलं, हा राहत नाय. मला वाटत व्हतं वरडून सांगावं, हाय मी हितं. जीभच हालंना." पेजेचा घोट घेऊन तो बायकोकडे वळला. "चांगोकडनं जाळं आनलंस का?"

"कवाच आनलं," बारकी म्हणाली.

"आनि तुमी 'सोड' म्हनलात," जानू मला म्हणाला, "ते पन ऐकलं."

मग तो वाटी खाली ठेवून म्हणाला, "बाय, एक इचारू? तुमी बेडकाला पाटावर निजवता. तो हालत नाय. तेला पन असंच ऐकू येतं का?"

मी त्याला सुईचं सांगितलं. आधी मानेत सुई, मग बाकीचं. सुई गेली की त्याला काही कळत नाही, तो तिथे राहतच नाही.

"सुई कोन मारतं?"

"मी मारते. तासाला मुलं मारतात. शिकणारी."

"तेंचा हात चुकला तर?"

मी म्हटलं, "चुकतो कधीकधी."

"मग तेवढं तुमी बघत जा," जानू म्हणाला. रागानं नाही, विनंतीनंही नाही. जाळ्याची गाठ कशी मारायची ते सांगावं तसं. "बाकीचं काय कराचं ते करा. सुई बघत जा."

त्यानं माझ्यासाठी बेडूक धरणं थांबवलं नाही. बरा झाला आणि पुन्हा फलाटाच्या टोकाला पोतं घेऊन बसायला लागला. फक्त पोतं माझ्या हातात देताना आता एक शब्द म्हणायचा: "सुई." मी म्हणायची, "हो." पोतं शिपाई आणायला गेला तरी जानू त्याच्याबरोबर हाच निरोप पाठवायचा, आणि शिपाई तो सगळ्या प्रयोगशाळेसमोर मोठ्यानं सांगायचा.

जानूची हकिगत मला प्रबंधात घालायची होती. सरांनी घालू दिली नाही. एका माणसावरून शास्त्र होत नाही, म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. पण पुढचं माझं सगळं काम त्या सांध्यावर आणि मण्यारीच्या विषावरच झालं. फार मोठं झालं असं नाही. शिष्यवृत्तीच्या पायऱ्या संपता संपता कॉलेजात कायमची नोकरी लागली. लग्नही झालं; नवरा मला बघायला आला तेव्हाच त्यानं विचारलं होतं, बेडूक नेमका कुठे कापतात. वहिनी अजून म्हणते, तूच विलायतेला जायची होतीस. कधी कधी, पावसाळी संध्याकाळी, मलाही तसं वाटतं. वाटतं आणि जातं.

दिनकर तिकडेच राहिला आणि मोठा झाला. बऱ्याच वर्षांनी तो आमच्या कॉलेजात पाहुणा म्हणून आला. माझं प्रात्यक्षिक चालू होतं. सगळ्या मुलांनी सुई घालून बेडूक पाटावर ठेवले होते आणि ती हात मागे बांधून उभी होती. मी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होते. प्रत्येक बेडकाच्या डोळ्याला कापसाचं टोक लावून बघायची, मागच्या पायाचं बोट चिमटीत धरायची. कुठे जरा थरथर दिसली तर सुई पुन्हा, आणि ती माझ्या हातानं. तोवर कुणी कात्रीला हात लावायचा नाही. मुलं याला 'बाईंचा बंदोबस्त' म्हणायची. निम्मा तास त्यात जायचा.

दिनकर दारात उभा राहून बघत होता. मी मोकळी झाल्यावर म्हणाला, "एकेक? दर वर्षी? असं करायला आपल्याला सरांनी तर कधी सांगितलं नव्हतं. कुणी शिकवलं तुला?"

मी म्हटलं, "आटगावच्या एका माणसानं. तो त्या पाटावर एक दिवस निजून आला होता."